बहर न आलेलं झाड

सफरचंदाच्या बागेत काम केलं की किस्सेही घोसाने लागतात. सगळे ठेवले तर एकही धड वाढायचा नाही, म्हणून चारच सांगते.

इकडे परदेशात, बिल्पिन गावातल्या बागेत माझं काम फळं पाडायचं. हो, पाडायचं! बहर ओसरला की एकेका गुच्छात पाच-सहा इवली फळं धरतात. सगळी राहिली तर सगळीच खुरटतात. म्हणून संजीवकाचा फवारा मारायचा, मग झाड आपणहून काही फळं सोडून देतं. त्याची मात्रा ठरवते मी! डब्यात पोळ्या किती द्यायच्या हे रोज दोनदा बदलणारी मी!

*

पहिल्या वर्षी फवारणीच्या दुसऱ्याच दिवशी धावत बागेत गेले. एकही फळ पडलेलं नाही!

"ग्रेग, पुन्हा फवारू या?"

ग्रेग म्हणजे बागेचा मालक. चहा ढवळत म्हणाला, "झाड आहे, मेट. मायक्रोवेव्ह नाही."

काही दिवसांनी खाली फळांचा हा सडा! मी परत धावले. "ग्रेग, सगळी पडली!"

"कधीतरी वर पण बघत जा," तो म्हणाला.

*

आई पुण्याहून आली, तेव्हा तिला बाग दाखवायला नेलं. तो सडा बघून तिचा चेहराच उतरला. मी ग्रेगशी दोन शब्द बोलून वळते, तर आई कॅफेतून आणलेल्या मिठाच्या पुड्या फोडून झाडावरून ओवाळतेय!

"दृष्ट लागलीय गं. एवढी फळं गळतात का कधी?"

"आई, मीच पाडलीत ती."

ती थबकली. मग उरलेलं मीठ तिने माझ्यावरून ओवाळलं!

*

माझी इरा पाचवीत आहे. प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या सरकारी सिलेक्टिव्ह शाळेसाठी गिरावीन उपनगरात कोचिंग, शिवाय व्हायोलिन, स्विमिंग, रविवारी मराठी शाळा. हल्ली नखं कुरतडून कुरतडून तिची बोटं लाल झालेली असतात.

माझा नवरा निखिल एकदा म्हणाला, "बागेत ढिगाने फळं पाडतेस, आणि पोरीचा एक क्लास सोडवत नाही तुला?"

"कुठला सोडू? तूच सांग."

तो बोटांवर एकेक क्लास मोजू लागला. मग म्हणाला, "व्हायोलिनचे सर चांगले आहेत गं."

*

दरवर्षी ओळीतलं एक झाड आम्ही तुलनेसाठी न फवारता ठेवतो. मागच्या वर्षी ते इराला फार आवडलं होतं. इतकी फळं, की फांद्यांना टेकू द्यावे लागले. "धिस वन इज द बेस्ट, मम्मा!"

यंदा स्प्रिंगच्या सुट्टीत तिला पुन्हा नेलं. अख्खी ओळ फुलांनी पांढरी झालेली, मधमाश्यांची नुसती घाई. ते झाड मात्र हिरवंगार, एक फूल नाही.

"इज इट डेड?"

"नाही गं. गेल्या वर्षी सगळी फळं वाढवली ना त्याने, दमलंय. यंदा बहर नाही."

"ग्रेग ओरडला त्याला?"

"छे!"

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

इरा झाडाखाली बसली आणि खोडाला पाठ टेकून तिने डोळे मिटले. माझ्या फोनवर कोचिंगला निघायचा गजर वाजला. ती हलली नाही. गाडीची किल्ली माझ्या हातात होती. मी गजर बंद केला, किल्ली गवतात ठेवली आणि तिच्याशेजारी बसले.

लांबून ग्रेगने हाक मारली, "ऑल गुड देअर?"

मी हात हलवणार, तेवढ्यात डोळे न उघडताच इरा ओरडली, "नो वरीज!"