तारखेचे कुलूप

"बैल बसला तर शेपटी पिरगाळून उठवता येते, सर. तुमच्या या डब्ब्याचं का करू?"

राळेगावजवळच्या कापूस खरेदी केंद्राचे प्रमुख मला विचारत होते. फाटकाबाहेर बैलगाड्यांची रांग डांबरी रस्त्यापर्यंत गेली होती. आभाळ भरून आले होते आणि गाड्यांतला कापूस उघडा होता. संगणकाच्या पडद्यावर मीच लिहिलेले वाक्य होते : 'परवाना अवैध. विक्रेत्याशी संपर्क साधावा.' विक्रेता मीच होतो. यवतमाळहून पहिल्या एसटीने आलो होतो.

कापसाने जिल्ह्याला हवालदिल केलेली ती वर्षे होती. केंद्रावर गाडी आली की तिला टोकन मिळे. त्या क्रमाने ग्रेडर कापसाची प्रत तपाशी, मग काट्यावर वजन होई. क्रम चुकला की भांडणे ठरलेली. टोकनचा प्रोग्राम माझा होता.

प्रोग्रामर जे लिहितो त्याला सोर्स कोड म्हणतात. तो माणसाला वाचता येतो. त्यापासून तयार होणारी फाइल फक्त यंत्राला कळते. मी केंद्राला ती दुसरी फाइल तेवढी दिली होती. आत तारखेचे एक कुलूपही ठेवले होते. हंगाम संपला की प्रोग्राम थांबे, म्हणजे दरवर्षी त्यांनी मलाच बोलवावे. हे मी कोणाला सांगितले नव्हते. त्या वर्षी खरेदी लांबली आणि कुलूप आपल्या दिवशी लागले.

"काल हिनं कॉम्प्युटरची तारीख मागं केली. तवापासून ठप्प," प्रमुख म्हणाले.

'हिनं' म्हणजे ज्योती राठोड. जवळच्या तांड्यावरून सायकलने येणारी, हंगामापुरती नेमलेली ऑपरेटर.

"मंग का करू, सर? प्रोग्राम म्हने तारीख संपली. गाड्या तर उभ्याच हायत. मले वाटलं, तारीख मागं नेली तर चालन."

तिने शहाण्या माणसाने करावे तेच केले होते. पण कोणी असे करील हे ओळखून मी आधीच बंदोबस्त केला होता : तारीख मागे गेली की प्रोग्रामने नोंदींसकट कायमचे बंद व्हावे. त्या वेळी या युक्तीचा मला अभिमान वाटला होता.

नोंदी गेल्या होत्या. मग ज्योतीने पिशवीतून एक वही काढली. प्रत्येक टोकन तिने हातानेही लिहून ठेवले होते.

"मशीनचा का भरोसा, सर," ती म्हणाली.

कुलपाची तारीख पुढे नेलेली सीडी मी बरोबर आणली होती, तिच्यावरून प्रोग्राम नव्याने बसवला. तिने वहीतून क्रमांक वाचले, मी भरले. दुपारी रांग सरकू लागली. पाऊस आला तोवर बहुतेक गाड्या आत आल्या होत्या.

निघताना प्रमुखांनी विचारले, "म्हणजे तारीख बदलल्यानंच बिघडलं ना?"

ज्योती माझ्याकडे पाहत होती.

"तारीख बदलायला नको होती," मी म्हणालो.

वाक्य खोटे नव्हते. म्हणूनच ते मला इतक्या सहज उच्चारता आले. पुढच्या खेपेस तिच्या खुर्चीवर दुसरे कोणी होते. "तिले बंद केलं," प्रमुख म्हणाले आणि चहा मागवला. मी तो प्यायलो.

पुढे काही वर्षांनी मी मुक्त सॉफ्टवेअरकडे वळलो. त्याचा सोर्स कोड कोणीही वाचावा, बदलावा, पुढे द्यावा. त्यातही त्रास आहेत. अडले तर हक्काने फोन करावा असा माणूस नसतो. बंद सॉफ्टवेअर विकणारे सगळे अप्रामाणिक असतात असेही नाही. पण पहिल्यांदा अनोळखी लोकांचा कोड वाचताना एका ठिकाणी मी थांबलो. कोणीतरी स्वतःच्या नावाने लिहून ठेवले होते : ही चूक माझी, आज दुरुस्त केली. माझ्या धंद्यात असे लिहिता येते, हे मला पन्नाशीजवळ कळले.

त्या दिवशी कोड केंद्रात असता, तर ज्योतीला नाही तरी दुसऱ्या कोणाला तो उघडून कुलूप दाखवता आले असते. माझ्या गप्प बसण्याला जागाच उरली नसती.

नंतर एकदा तिला शोधत मी तांड्यावर गेलो होतो. लग्न होऊन ती उमरखेडकडे गेल्याचे तिच्या भावाने सांगितले. गावाचे नाव त्याने सांगितले नाही. मी कोण, हे त्याला ठाऊक असावे.

आता खोलीत मी आणि संगणक असतो. टोकनचा प्रोग्राम मी नव्याने लिहून सर्वांसाठी खुला ठेवला आहे. खरेदी केंद्रे पुढे गेली. तो कोणी वापरत नाही. त्याच्या पहिल्या ओळीत मराठीत लिहिले आहे : 'आधीच्या प्रोग्राममधले कुलूप मी घातले होते. ऑपरेटर ज्योती राठोड यांची चूक नव्हती.'

बंद कोडमधली चूक आतच राहते. दोष मात्र यंत्राजवळ बसलेल्याला लागतो. एवढा एक फरक मी खात्रीने सांगू शकतो. ती ओळ वाचायला परवाना लागत नाही. अजून कोणी वाचलेली नाही.