मुलांचे सांधे धुणाऱ्या शैलजाताई

पुण्याहून हैदराबादेत भूलतज्ज्ञ म्हणून आलो, तेव्हा लहान मुलांच्या हाडांच्या सर्जन डॉ. शैलजा उदगीरकर यांची पहिली भेट झाली ती फरशीवर. नल्लकुंट्याच्या दवाखान्यात त्या चक्क मांडी घालून बसल्या होत्या आणि एका लंगडणाऱ्या मुलीकडे चेंडू ढकलत होत्या. "बसा खाली, उभ्या माणसाला मुलं चालून दाखवत नाहीत," हे त्यांचे माझ्याशी पहिले बोलणे. मी बसलो. पॅन्टची इस्त्री गेली ती गेलीच.

लहान मुलाच्या सांध्यात पू झाला की उशीर परवडत नाही. सांधा कायमचा अधू होऊ शकतो. ताई शक्य तिथे मोठा छेद टाळून बारीक छिद्रांतून दुर्बीण घालतात आणि सांधा धुतात. पण दुर्बिणीचा हट्ट त्यांनी कधी धरला नाही. गरज दिसली की सरळ सांधा उघडतात. त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

बेगम बाजारातल्या एका जोडप्याचा तीन वर्षांचा मुलगा असाच आला होता. अंगात ताप, गुडघा सुजलेला. लचक भरली असेल म्हणून आईने गरम तेलाने पाय रोज रगडला होता. सुईने गुडघ्यातून काढलेले पाणी गढूळ निघाले, म्हणजे आत पू झाला होता. रगडण्यात दिवस घालवले म्हणून माझा पारा चढला, मी आईला बोलणारच होतो. ताईंनी मला नजरेनेच गप्प केले. वडील तर पोराचा पाय चिरू द्यायला तयारच नव्हते. ताईंनी साडी जरा वर सरकवली, पेनाने स्वतःच्या गुडघ्यावर दोन ठिपके काढले आणि एवढीच छिद्रे पडतील असे सांगितले. वडील कबूल झाले.

पाणी स्वच्छ येईपर्यंत ताई सांधा धूत राहिल्या. ताप उतरला, सूज ओसरली, पोर धरून धरून उभे राहू लागले. आई मात्र त्याच्या पायाला हात लावेना. आंघोळसुद्धा वडीलच घालत होते. फेरतपासणीला आली तेव्हा ताईंनी तिला कारण विचारले.

"मेरेच हातां से बिगड्या उसका पाँव," ती म्हणाली.

ताईंनी तिचे दोन्ही हात धरले आणि पोराच्या गुडघ्यावर ठेवले. "तुमे प्यार से दबाए, मालूम नै था. अब पकड़ो. चलना इसकू तुमेच सिखाना."

ती खूप रडली. मग तिने त्याला दोन्ही हातांनी धरून चालवत दारापर्यंत नेले. मला त्या दिवशी ताईंचा फार अभिमान वाटला.

साठीच्या ताईंनी निरोगी शंभरी गाठावी, आणि स्वतःला दोष देत येणाऱ्या प्रत्येक आईला त्या भेटाव्यात.