आईचा फोटो आणि मागची भिंत

थोरला भाऊ गेला तेव्हा लक्षात आलं, अख्ख्या धुळ्याचे फोटो काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा एकही फोटो घरात नव्हता. आईचं तसं होऊ नये म्हणून मी त्याचा कॅमेरा हाती घेतला. पण दर वेळी तिचा चेहरा धूसर यायचा आणि मागची सगळी भिंत स्पष्ट.

"भिंत बठ्ठी दिसस, मी कोठे शे?" आई म्हणाली.

भिंग जुनं झालं, असं सगळ्यांचं मत पडलं. मला मात्र पटेना. भिंग उजेडात धरलं, तर स्वच्छ होतं. मग अंगणात एकामागे एक पुस्तकं उभी केली आणि मधल्यावर नेम धरला. फोटो उमटतो त्या काचेच्या प्लेटवर मागचंच पुस्तक स्पष्ट आलं. म्हणजे भिंग धड होतं, चूक कॅमेऱ्याच्या पाठीत होती.

भाऊ अंथरुणावर असताना खंडेनवमीला वहिनींनी कॅमेरा पुसून पुजला होता. ज्या दुधी काचेवर आपण चित्र पाहतो, ती त्यांनी उलटी बसवली होती. त्यामुळे तिची खरखरीत बाजू प्लेटच्या जागेपेक्षा काचेच्या जाडीएवढी मागे गेली होती, आणि नेम तेवढाच चुकत होता.

"चकचकीत बाजू आत असेल असं वाटलं, भाऊजी," त्या म्हणाल्या.

काच फिरवून आईला पुन्हा बसवलं. या खेपेला सुरकुत्यासुद्धा आल्या. मी कॅमेऱ्याच्या उजवीकडे उभा होतो. आई मात्र कॅमेऱ्याच्या डावीकडे पाहत होती. फोटो काढताना भाऊ तिथे उभा राहायचा.