नसरीनने न घेतलेलं बक्षीस

भूकंपानंतर आम्ही लातूर सोडलं, त्या सकाळी आईने मला उंबऱ्यावर बसवून माझी वेणी पुन्हा घातली. सामानाचा टेम्पो घरघरत होता, तुमचे आजोबा सारखं घड्याळ बघत होते आणि आई मात्र तेल चोळून, ओढून ओढून पेड घालत होती. घर उभं होतं, पण भिंतींना भेगा पडल्या होत्या. आजोबांच्या बँकेने नांदेडला बदली दिली, ती आम्ही लगेच घेतली. "नांदेड काय लई लांब न्हाई," आई म्हणाली, "पण तिथं तुझ्या डोक्याला हात लावणारं कोण हाय?"

मुक्ता, परवा तुझा टोरांटोहून फोन आला. केस कापून झाल्यावर तिथल्या बाईने पैशांचं यंत्र तुझ्यापुढे फिरवलं आणि त्यावर टिपचे, म्हणजे वर द्यायच्या बक्षिसाचे, आकडे उभे राहिले. मागे लोक थांबलेले. घाबरून तू सर्वांत मोठा आकडा दाबलास आणि बसचे पैसे वाचवायला बर्फातून चालत घरी गेलीस. तुझ्या भावाला, ओजसला, ते सांगतानाही हसू आवरत नव्हतं. "आजी, तुमच्याकडे किती देतात गं?" असं तू विचारलंस. त्याचं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून दोघांसाठी लिहायला बसले.

नांदेडला आम्ही खलिफाचाचांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो. आपल्या भागात केस कापणाऱ्याला आदराने खलिफा म्हणतात. चाचांचं चौकात पुरुषांचं सलून होतं, वडिलांपासून चालत आलेलं. त्यांची सून नसरीन हैदराबादची. लग्नाआधी तिने तिकडे पार्लरचा कोर्स केला होता. तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत तिने एक आरसा लावला, दाराला गुलाबी पडदा टांगला आणि बायकांसाठी पार्लर सुरू केलं. गल्लीतल्या बायका पडद्याकडे बघत जात, आत कुणी येत नसे. पार्लरमध्ये जाणं म्हणजे नखरे, असा तेव्हा समज होता.

त्याच सुमारास लातूरसारखेच नांदेडलाही क्लास निघू लागले होते. डॉक्टर, इंजिनिअर व्हायला निघालेली मुलं गावोगावहून येत आणि जो तो घरातली खोली रिकामी करून कॉट टाकत होता. चाचा जिन्याखाली उभे राहून सुनेला म्हणाले, ते मला वर ऐकू आलं. "बहू, ईदपर्यंत बघतो. न्हाई चाललं तर चार कॉट टाकतो. पोरं दारात उभी हायत."

त्या दिवशी नसरीनने तो रिकामाच आरसा खूप वेळ पुसला.

माझे केस तेव्हा मुठीमुठीने गळत होते. पाणी नवं, मी शिकवायला लागले ती शाळा नवी, आणि कुणी दार आपटलं तरी छाती धडधडायची. शेवटी एका शनिवारी अर्धी शाळा आटोपून मी पडदा बाजूला केला. नसरीनने माझी वेणी सोडली, हातात तोलली आणि म्हणाली, "बाई, ह्याचं नुसतं वजन हाय. जीव न्हाई ह्यात. कापू?" मी डोळे मिटून हो म्हटलं. कापून झाल्यावर मान इतकी हलकी झाली, की ती उगाच इकडेतिकडे वळवून बघावीशी वाटली.

मी ठरलेले पैसे दिले आणि वर एक नोट ठेवली. इंग्रजी कादंबऱ्या वाचलेल्या. त्यांतली माणसं सगळीकडे टिप देत हिंडतात. शिवाय आमच्या वडिलांचा दंडक होता, की खलिफा घरी आला तर त्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. सुगीला ज्वारी आणि लग्नाकार्यात बक्षीस. नसरीनने ती नोट दोन बोटांनी उचलून माझ्या पर्समध्ये टाकली.

"हे नक्को, बाई. बक्षीस कामावरच्या माणसाला देतात. मी इथली मालकीण हाव."

"मग काय देऊ?"

"बाया आणा," ती म्हणाली. "ईदच्या आधी आणा."

मला काम सांगितलं, की मी त्याचं वेळापत्रक करते, हे तुम्ही जाणताच. दर शनिवारी शाळेतल्या शिक्षिका पार्लरमध्ये न्यायच्या असं मी ठरवलं. त्या आल्यासुद्धा. घरचं तेल आणि शिकेकाई सोबत घेऊन आल्या, नसरीनचा चहा प्यायल्या, आरशात बघितलं आणि म्हणाल्या, "नुसती टोकं काप हो, जास्त नको." टोकं कापायचेही त्यांनी पैसे कमी करून घेतले. गणिताच्या बाई तर म्हणाल्या, "माझे केस निम्मेच आहेत, मग पैसे पुरे कशाला?" चाचा सलूनमधून जेवायला आले, की बशांकडे मोजल्यासारखं बघत आणि विचारत, "बहू, पार्लर हाय का हाटेल?"

ईद जवळ आली. चाचा एका दुपारी कॉटचा भाव विचारूनही आले.

मग एक दिवस समोरच्या खोलीतली अहमदपूरची बाई माझ्या मागोमाग पडद्याच्या आत आली. मुलाच्या क्लाससाठी नवरा-शेत मागे ठेवून ती एका खोलीत राहत होती. मुलगा सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा. "दिवसभर बोलायला माणूस न्हाई," ती म्हणाली. नसरीनने तिच्या डोक्याला तेल लावून दिलं. बोटं फिरू लागली तशी बाई आधी रडली, मग हसली, मग सासूच्या नकला करू लागली. दुसऱ्या दिवशी तिने शेजारची मुखेडची आई आणली. तिने देगलूरची आणली. ती निम्मं तेलुगू बोलायची आणि सगळ्यांना समजायचं. क्लासच्या पोरांबरोबर एवढ्या आया गावात आल्यात, हे आम्हा कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. माझं वेळापत्रक बाजूला पडलं आणि खोली भरली.

ईदच्या आदल्या दिवशी चाचांनी सलूनमधली एक फिरती खुर्ची हातगाडीवर घालून आणली आणि आरशापुढे ठेवली. "लाकडी खुर्चीवर गिऱ्हाईक बसवतेस, माझी इज्जत जाते," एवढंच म्हणाले. नसरीन आतल्या खोलीत जाऊन रडली. आम्ही सगळ्याजणी पाळीपाळीने त्या खुर्चीत गिरक्या घेतल्या.

तर मुक्ता, तुझं उत्तर. तुझे केस कापणारी तिथे मालकीण नाही, दुसऱ्याच्या पार्लरमध्ये एका खुर्चीचं भाडं भरून काम करते, असं तू म्हणालीस. मग तिथली रीत आहे तेवढं दे. घाबरून नको आणि कुरकुरतही नको. नसरीनकडे आता दोन मुली कामाला आहेत. त्यांच्या हातात मी दर वेळी बक्षीस ठेवते आणि नसरीन बघून न बघितल्यासारखं करते. मात्र त्या बाईचं नाव विचारून घे, आणि पुढच्या खेपेला तुझ्या इमारतीतली कुणी नवी आलेली मुलगी सोबत ने. परक्या गावात माझा जम बसला, तो असाच. लातूरला जाते तेव्हा आता दोन दिवसांत मला नांदेडची आठवण येते, आणि यात लातूरशी काही बेइमानी आहे असं वाटत नाही.

आमचं स्वतःचं घर पुढच्या गल्लीत होऊन कितीतरी वर्षं झाली. गेल्या आठवड्यात निलंग्याहून मुलीच्या क्लाससाठी आलेली एक आई मला पार्लरच्या पायरीवर भेटली. तिला आत नेऊन मी नेहमीच्या खुर्चीत बसले. तिने नसरीनला हळूच विचारलं, "ह्या तुमच्या कोण लागतात?"

नसरीनने कात्री थांबवली नाही. "भाडेकरू हायत," ती म्हणाली. "स्वतःचं घर बांधलं, तरी इथून हलंनात."