पाटलाच्या अंगठ्याचा डाग

दसरा उलटला की वाल्मीकच्या हाताला काम लागायचं. शस्त्रपूजेतला आपल्या माणसांचा उत्साह काय सांगावा! पाटावर बंदूक मांडायची, ओल्या हळदीकुंकवाची बोटं ओढायची, वर झेंडूचं फूल, आणि मग तशीच फडक्यात गुंडाळून वर्षभर कपाटात. लोखंडाला कुठे कळतंय देवाचं ओलं कुठलं आणि पावसाचं कुठलं? ते बिचारं गंजतं. वाल्मीक त्याला ‘हळदीचा गंज’ म्हणायचा. भिवंडीतल्या एका परवानावाल्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात तो कारागीर होता, आणि गंजल्या नळीवर पुन्हा निळा-काळा रंग चढवावा तर त्यानंच, असं पार कल्याणपर्यंत बोललं जायचं.

सत्त्याऐंशीच्या दसऱ्यानंतर कोन गावचे लडकू पाटील आले. वडलांचं जुनं रिव्हॉल्वर आणि परवान्याची वही त्यांनी पुढ्यात ठेवली.

“कोंडूचा ना रे तू? बघ, बाबांची आठवण हाय. नव्यासारखं झालं पायजे.”

कोंडूचाच. वाल्मीकचा बाप कोंडू याच पाटलांच्या अंगणात उभा राहून राहून म्हातारा झाला होता. गवताचे भारे वाहायचे, गावभर निरोप न्यायचे, आणि एरवी पायरीखाली उभं राहायचं. चहा मिळायचा, नाही असं नाही. पण तो वळचणीला खोचून ठेवलेल्या कान तुटक्या कपात. तो कप वाल्मीकनं लहानपणी डोळ्यांनी पाहिला होता. म्हणून आता त्याला एकच हट्ट होता: या कामाला पाटलाच्या घरात कुणाला बोट ठेवायला जागा राहता कामा नये.

काम तसं चमत्कारिकच. जुना गंज घासून काढायचा, लोखंड चुन्यानं लख्ख धुवायचं, आणि मग औषध लावून मुद्दाम नवा, बारीक गंज चढवायचा! तो उकळत्या पाण्यात काळा पडतो आणि मग लोखंडाला खात नाही. असे आठ-दहा हात दिले की निळी झाक उमटते. पथ्य एकच. एकदा चुन्यानं धुतलं की रंग पुरा होईस्तोवर उघडं बोट लावायचं नाही. बोटाचं तेल लागेल तिथे रंग धरत नाही. वाल्मीक स्वतः नळीत लाकडी खुंटी ठोकून तिलाच धरायचा.

पाचव्या हाताच्या दिवशी पाटील डोकावले. “वा रे वा!” म्हणाले, आणि अंगठा थेट नळीवर टेकवला.

वाल्मीकच्या तोंडाशी शब्द आले होते. पण पाटलाला ‘हात लावू नका’ म्हणायचं? चाळिशीचा बाप्या तो, पण शाळेतल्या पोरासारखी जीभ काही उचलेना. दुसऱ्या दिवशी नळी उकळून निघाली तर मधोमध अंगठ्याएवढा करडा डाग.

“जाने दो वाल्मीकभाई,” दुकानाचे सेठ हसले, “उनका ही तो अंगूठा है.”

वाल्मीकला हसू आलं नाही. स्वतःच्या जिभेची लाज वाटली. त्यानं सगळा रंग घासून काढला, पुन्हा चुना घेतला, पुन्हा पहिला हात.

आठव्या हाताला पाटील परत आले. हात पुढे आला.

“पाटील, हात लावायचा न्हाय. मागं व्हा.”

बोलून गेला खरा, आणि कानशिलं गरम झाली. सेठ हातातलं काम सोडून बघायला लागले.

“माझंच हाय ना रे ते?” पाटील म्हणाले.

“तुमचंच. पण बोट लागलं का डाग पडतो.”

“माझ्या बोटानं?”

“कुणाच्याबी. माझ्याबी.” वाल्मीकनं खुंटी दाखवली.

पाटील खुंटीकडे बघत राहिले, मग वाल्मीककडे. दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि पाणी उकळून नळी बाहेर येईपर्यंत तसेच उभे राहिले. नळी निघाली ती एकसारखी निळी, डागाचं नाव नाही.

संध्याकाळी जेवताना वाल्मीकनं बापाला सांगितलं. सांगताना आवाज चढला होता. आनंदच तेवढा झाला होता त्याला.

कोंडूचा हात भाकरीवर थांबला. “मंग? शिव्या दिल्या का?”

“न्हाय. हात मागं घेऊन उभा राह्यला.”

“किती वेळ?”

“अर्धा तास तरी असंल.”

म्हाताऱ्यानं भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाला, “पाय दुखलं असतील रं त्याचं. स्टूल तरी द्यायचं व्हतंस.”