आखाजीला विमान पडता कामा नये

आमच्या यांना कुणी विचारलं, की कॉम्प्युटर कसा चालतो, तर हे म्हणायचे, "आधी तो पळवावा लागतो." तो मुळातच चालतोय, मग पळवायचा कशाला, हा प्रश्न जळगावात फक्त मला पडायचा, आणि मी बायको असल्यामुळे तो प्रश्न धरला जात नसे.

नव्वदीची शेवटची वर्षं. बसस्टँडमागच्या एका गाळ्यात आमचा कॉम्प्युटर क्लास होता. पाटीवर नाव यांचं. सकाळी मुलींच्या बॅचेस मी घ्यायची: टायपिंग, पत्रं, लग्नपत्रिका जुळवणं. हे दुपारी यायचे आणि कोपऱ्यातल्या मोठ्या मशीनसमोर बसून विमान उडवायचे. त्या मशीनला दोन मॉनिटर होते. एकावर विमानाची समोरची काच, दुसऱ्यावर नकाशा. दुसरा मॉनिटर जोडायला आत दुसरं जुनं ग्राफिक्स कार्ड बसवलं होतं, पहिल्या, नव्या कार्डाच्या अगदी अंगाला अंग लावून.

त्या उन्हाळ्यात गावाहून निरोप आला. आमचे सासरे, आबा, धरणगावकडच्या आमच्या गावी कापसाची शेती करायचे. आबा म्हणाले होते, आखाजीला येतो, काय धंदा चाललाय ते डोळ्यांनी बघतो. पटलं तर ठीक, नाहीतर गाळा रिकामा करून गावी या. यांना गावी जायचं म्हणजे शेतात जायचं. मला गावी जायचं म्हणजे क्लास गेला, मुली गेल्या, माझी खुर्ची गेली. ती खुर्ची मला माझ्या दागिन्यांपेक्षा प्यारी होती, खोटं कशाला बोलू?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके घेतात. माझं माहेर धुळ्याला. त्या वर्षी मी धुळ्याला नाही म्हणून कळवलं. आई रागावली. मी इथे राहिले, कशासाठी? तर विमान पडू नये म्हणून!

कारण यांनी ठरवलं होतं, आबांना विमान दाखवायचं. म्हातारा थक्क झाला पाहिजे. आणि थक्क करायला साधा वेग पुरेसा नव्हता. कुठल्याशा मासिकाच्या सीडीतून यांनी एक छोटा प्रोग्रॅम मिळवला आणि नव्या कार्डाचा वेग बनवणाऱ्याने ठरवला होता त्याच्यावर चढवला. त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. यांनी तो शब्द मला इतक्या प्रेमाने सांगितला, की तेवढ्या प्रेमाने मला कधी नावाने हाक मारली नसेल.

मग विमान उडायचं, पाच-सात मिनिटं मजेत जायचं, आणि आकाशात रंगीत चौकोन उमटायचे. पाठोपाठ दोन्ही मॉनिटर काळे. बटण दाबून सगळं पहिल्यापासून सुरू करायचं. गंमत अशी, की दुसरा मॉनिटर आणि त्याचं कार्ड काढलं की हेच विमान बराच वेळ टिकायचं.

यावर यांनी पहिल्यांदा माझ्या विद्यार्थिनींना दोष दिला. त्यांच्या फ्लॉपीतून व्हायरस आला म्हणे. सगळी सिस्टीम नव्याने टाकली. विमान पडलं. मग स्टॅबिलायझर बदलला. पडलं. मग म्हणाले, अर्थिंग कच्चं आहे. आमच्याकडे अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात वाळतो, त्यात मीठ-पाणी ओततात. यांनी खडे मीठ आणून ओतलं. शेजारचा सायकलवाला म्हणाला, "वहिनी, लोणचं घालताय का?" मला असा संताप आला! पण बोलायला तोंड कुठे होतं, लोणचंच घालत होतो.

शेवटी यांनी डब्याची बाजू उघडली आणि वाळ्याचा कूलर त्याच्या तोंडाशी लावला. ओली हवा थेट आतमध्ये! हे मात्र मी खपवून घेतलं नाही. कूलर ढकलला, मशीन बंद केलं, आणि नव्या कार्डाजवळ हात नेला. तव्यावर भाकरी टाकण्याआधी नेतो तसा. लांबूनच चटका बसला.

"अहो, हे तापतंय. आधीच वेग वाढवलाय, त्यात शेजारी दुसरं कार्ड खेटून बसवलंय, बाहेर जळगावचं ऊन. वेग उतरवा."

"उतरवायचा होता तर चढवला कशाला?"

आखाजीच्या सकाळी मी यांच्यासमोरच खुर्चीत बसले, तो प्रोग्रॅम उघडला आणि वेग मुळात होता तिथे आणून ठेवला. म्हटलं, भांडायचं ते उद्या भांडा. यांनी तोंड फिरवलं.

विमान उडालं. दोन्ही मॉनिटर लखलखीत, एक चौकोन नाही. तासभर उडालं. यांचा चेहरा असा, जणू हे स्वतःच पंख लावून उडाले. आणि मला, काय सांगू, जिंकल्यासारखं वाटलं.

अकराला आबा आले. मी डोक्यावर पदर घेऊन दाराशी उभी राहिले. आमच्यात सून सासऱ्याशी सरळ बोलत नाही. पाणी हवंय का, हेसुद्धा मी यांना विचारायचं आणि आबांनी ऐकायचं. यांनी आबांना खुर्चीत बसवलं, हातात काठी दिली विमानाची, जॉयस्टिक म्हणतात ती.

आबा खुलले हो! "आपलं धरणगाव दखाड!" म्हणाले. दाखवायला ते त्यात नव्हतं, तरी उडवत राहिले. नकाशावर बोट ठेवून हसले. आखाजीला आमच्याकडे पुरुष राजरोस पत्ते खेळतात, त्या दिवशी कुणी कुणाला बोलत नाही. आबा तसेच रंगले. मग चहा पिऊन शांतपणे म्हणाले,

"भारी शे. पन हाऊ जुगार शे. आखाजीले चालस, रोज नही. दुकान बंद कर, घर चाल."

हे खाली मान घालून बसले. मी गाळ्याकडे पाहिलं. सणाची सुट्टी म्हणून मुली नव्हत्या. बाकीच्या मशीनवर मीच कव्हरं घातली होती, विमान उठून दिसावं म्हणून. विमान पडलं असतं तर आबांनी विचारलं तरी असतं, की आणखी काय करता. आता विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. माझ्या हातांनी मी ते इतकं नीट करून ठेवलं होतं.

मी यांच्याकडे बघितलं, एकदा, दोनदा. हे बोलतील म्हणून. मग माझ्या तोंडून निघालंच.

"आबा, खेळ यास्ना शे. क्लास मना शे. बठ्ठ्या पोरी मी शिकाडस. आज सुट्टी शे म्हनीसन रिकामं दिसी ऱ्हायनं."

खेळ यांचा, क्लास माझा, सगळ्या पोरींना मी शिकवते, असं सासऱ्यांना सरळ सांगून टाकलं. हे दचकले.

आबांनी मान वळवली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि माझ्याकडे त्यांनी असं सरळ पहिल्यांदाच पाहिलं. मग झाकलेल्या मशीनकडे पाहिलं, एक, दुसरं, तिसरं.

"मंग चालाड," म्हणाले. चालव म्हणजे क्लास, आणि तेही मला! टोपी उचलली, दारापर्यंत गेले, तिथे थांबले आणि खरोखर नवल वाटून विचारलं,

"पन इतला दिन बोलनी का नही?"