सामानापाशी बसणारी बाई

गोदावरीला ओळखायचं असेल तर कुठल्याही सहलीत सगळे आत गेले की बाहेर बघावं. पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, कुणाचं स्वेटर, कुणाच्या चपला, आणि या सगळ्याच्या मधोमध ही बाई. वेरूळला बाहेर, अजिंठ्याला बाहेर, माहूरच्या लेण्यांनाही बाहेरच. आधी लेकरं लहान होती, मग सासूबाईंना पायऱ्या चढवत नव्हत्या, मग माकडं पिशव्या पळवतात म्हणून. कारणं बदलत गेली, बाई काही जागची हलली नाही.

बरं, ही बाई शिक्षिका. जिल्हा परिषदेच्या शाळेत जिंदगीभर चौथीच्या पोरांना लेणी शिकवली, आणि स्वतः लेण्याचं दार ओलांडलं नाही. मी तिला तोंडावर सांगायची, गोदावरी, तू गाय आहेस, नुसती गाय. ती हसायची. अशा बायांचा मला लई राग येतो, पण तिच्यासारखे धपाटे कुणाला जमत नाहीत, म्हणून मैत्री टिकली.

तिचे यजमान रेणुकादास सर. इतिहासाचे प्राध्यापक. कॉलेजातून निवृत्त झाले, बोलण्यातून नाही झाले. लातुरात आमचा सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा कट्टा आहे, तिथं चार डोकी जमली की सरांचं व्याख्यान सुरू. कोणतंही लेणं काढा, सर आत जाऊन आलेले. बाहेर आले की रुमालानं कपाळ पुसायचे आणि आत काय काय आहे ते बायकोला रंगवून सांगायचे. ती सगळं नीट ध्यानात ठेवायची आणि सोमवारी वर्गात तेच पोरांना सांगायची.

यंदा तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन दिवाळीनंतरचं ठरलं. डॉक्टरांनी बजावलं, नंतर खाली बसायचं नाही, रांगायचं तर नावच काढायचं नाही. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते, म्हणून तिनं मलाही विचारलं. मी म्हटलं, हाव, खरंच आहे ते. कट्ट्याकडं चालता चालता ती म्हणाली, "म्हणजे लेणं आतून बघायचं राहिलंच की गं, सिंधु."

मला कुठंतरी लागलं ते. मी तिथल्या तिथं श्रीनाथरावांना पकडलं. हे आमच्या कट्ट्यावरचेच, बँकेतून निवृत्त झालेले, घरी गाडी आहे आणि बायको माहेरी गेली की करायला काही नसतं. मुरुडच्या पलीकडं एका माळावर दोन लेणी आहेत, फारसं कुणी जात नाही. सरांनी कट्ट्यावर त्यातल्या खालच्या लेण्याचं कितींदा वर्णन केलेलं. आतल्या काळोख्या खोलीत म्हणे शेषशायी विष्णू, डोक्यावर सात फण्यांचा नाग, बघून माणसाच्या डोळ्यांत पाणी यावं असा. पण खोलीचं दार इतकं बुटकं की रांगत जावं लागतं. म्हटलं, गुडघे वाकतात तोवर हेच दाखवू हिला.

दसरा झाल्यावर एका सकाळी निघालो. चौघंच. सरांनी लातूर सोडायच्या आधी सातवाहन काढले ते मुरुड आलं तरी संपेनात. श्रीनाथराव गाडी चालवता चालवता हूं हूं करून राहिले होते. गोदावरी मागं माझ्याजवळ, मांडीवर धपाट्यांचा डबा.

गाडी खाली लावून माळ चढलो. बाईला चढताना त्रास झाला, पण ती चढत राहिली. लेण्यासमोर पोचलो, आणि सर सवयीनं म्हणाले, गोदावरी, तू बस इथं सामानापाशी, माकडं आहेत, मी येऊन सांगतो. अहो, सगळा खटाटोप हिच्यासाठी, गाडी हिच्यासाठी, आणि हा माणूस हिलाच बाहेर बसवून राहिला! माझ्या जिभेवर असं काही आलं होतं की ते लिहिण्यासारखं नाही.

पण गोदावरीच बोलली. आवाज चढवला नाही. "मी आत जाणार आहे."

मग सामानाचं काय, यावर दोन शिकलेल्या पुरुषांची चर्चा झाली. जणू पिशव्यांना पाय फुटणार होते. शेवटी मी डबा उचलला, पिशव्या श्रीनाथरावांच्या गळ्यात अडकवल्या आणि आत शिरले.

दालनाचा पहिला भाग ठीक होता. उजेड होता, खांब होते. वटवाघळांचा वास नाकात बसला. गोदावरी एकेका खांबाला हात लावत होती, नव्या घरात भिंती बघतात तसा. सर मधे उभे राहून खांबांची माहिती देत होते, आणि मला दिसलं की ती सगळी माहिती बाहेरच्या पाटीवर लिहिलेली होती, शब्दसुद्धा तेच.

मागच्या भिंतीत ते बुटकं दार. आत मिट्ट काळोख. सर दोन हात लांबच थांबले. म्हणाले, आत नवीन काही नाही, मी बघितलंय, उगंच कपडे खराब होतील. श्रीनाथरावांनी वाकून डोकावलं, कमरेला हात लावला आणि सरळ झाले. पुरुषांची हिंमत तिथं संपली.

गोदावरीनं पदर खोचला. माझ्या हातातला डबा उघडून धपाट्यांचं फडकं काढलं, गुडघ्यांखाली घेतलं आणि मोबाईलचा दिवा लावून रांगत आत गेली. मी मागून. हाताला बारीक खडी टोचत होती, वरून काहीतरी फडफडत गेलं, आणि खरं सांगते, मलाही भीती वाटली. तिला वाटली का नाही ठाऊक नाही, पण ती थांबली नाही.

आतली खोली आमच्या स्वयंपाकघराएवढी. उभं राहता येत होतं. तिनं दिवा एका भिंतीवर फिरवला, मग दुसऱ्या, तिसऱ्या. नुसते छिन्नीचे घाव. बाजूला एक दगडी ओटा, आणि ओट्याच्या टोकाला दगडातच कोरलेला उंचवटा, उशीसारखा. बस, एवढंच. ना विष्णू, ना नाग. मी बोलणार होते, तिनं माझा हात दाबला आणि दाराकडं तोंड करून विचारलं, "अहो, शेषशायी कुठल्या भिंतीला आहे?"

बाहेर सर खाकरले. मग सरांचा आवाज आला, "डाव्या! डाव्या हाताला बघ!"

डाव्या हाताला कोरी भिंत. मला हसू फुटलं, तोंडात पदर कोंबला. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि आम्ही इतकी वर्षं कट्ट्यावर बसून बोटं चाटली. गोदावरी मात्र हसली नाही. ओट्यावर बसली, त्या दगडी उशीवरून हात फिरवला. म्हणाली, हे भिक्खूंचं निजायचं आहे, पुस्तकात होतं आमच्या, दगडाची उशी. पोरांना ती धड्यात खरी वाटायची नाही.

मग दिवा विझवला तिनं. अंधारात तिचा आवाज आला. "सिंधु, वेरूळचं पण असंच सांगितलं असेल का गं यांनी? आणि अजिंठ्याचं? मी पोरांना काय शिकवलं मग इतकी वर्षं?"

माझं हसू तिथंच गेलं. मला त्या माणसाची कीव करायची होती, ते काही जमलं नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, हे तिला सांगायची गरजच नव्हती. डोळे पुसत होती का ते दिसलं नाही. मी तिच्याजवळ त्या ओट्यावर बसून राहिले.

बाहेर आलो तेव्हा तिच्या साडीभर माती. सरांनी रुमालानं कपाळ पुसत विचारलं, झालं का दर्शन? ती म्हणाली, झालं, सगळं दिसलं. बाहेर सावलीत बसून धपाटे वाढले, दही वाढलं, सरांना मिरचीचा ठेचा जास्त लागतो तो आठवणीनं वाढला. मी मनात म्हटलं, झालं, गाय परत गोठ्यात गेली.

जेवण झाल्यावर श्रीनाथराव म्हणाले, वरचं लेणं राहिलं. सर लगेच उठले, धोतर झटकलं, तिथल्याही बुटक्या दारामागच्या खोलीतला दशावतार कसा आहे ते सांगू लागले. गोदावरीनं सगळ्या पिशव्या एकत्र केल्या, डबा त्यात घातला, आणि सगळं ओझं सरांच्या पुढ्यात ठेवलं.

"तुम्ही बसा इथं सामानापाशी. तुम्हाला आतलं सगळं ठाऊकच आहे. काही राहिलं असेल तर मी येऊन सांगते."

सर अडकले. येतो म्हणावं, तर आत रांगावं लागणार. ठाऊक नाही म्हणावं, तर जन्म वाया. आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि खाली बसले.

आम्ही चढू लागलो. तिचे गुडघे दुखत होते, दर दगडाला थांबत होती. अर्ध्या वाटेवरून मी मागं बघितलं. सरांनी पिशव्या छातीशी धरल्या होत्या आणि समोरच्या दगडावर एक माकड येऊन बसलं होतं. मी गोदावरीला म्हटलं, बघ तरी. तिनं काही मागं बघितलं नाही.